काळी एकचा स्विच

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला वैजयंती चौगुलेने नमुना क्रमांक ४४१७ सुरू केला, चार सेकंद ऐकला आणि बंद केला. मग ती खुर्ची मागे सरकवून नुसतीच बसून राहिली.

पेटीवर कंपनीचं नाव नव्हतं. ते असायचंही नसतं. कुपवाडच्या चाचणी केंद्रात येणारं प्रत्येक उपकरण आधी तळमजल्यावर जातं. तिथे नाव, बोधचिन्ह, पत्ता असं सगळं खरवडून काढतात आणि वर येतो तो फक्त एक आकडा. माल कुणाचा आहे हे तपासणाऱ्याला कळू नये, एवढाच हेतू. सव्वीस वर्षांत वैजयंतीला ते सहीच्या दिवसाआधी कधी कळलं नव्हतं. आज कळलं, कारण पेटी काळी एकमध्ये गुणगुणत होती.

काळी एक म्हणजे हार्मोनियमवरच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी. बरेच गवई तिलाच सा मानून गातात. वैजयंतीला गाणं येत नव्हतं. पण तिचं लहानपण मिरजेत, वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गेलं होतं. तिथे दिवसभर कुणी ना कुणी तार लावत बसलेलं असे. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाचा कान त्याला न विचारताच तयार होतो.

पेटी गुणगुणते का, हे समजायला पुडीची वीज समजून घ्यावी लागते.

पूर्वी घरात दोन तारा येत, एक विजेची आणि एक इंटरनेटची. पुढे विदा वाहून नेणाऱ्या बारीक तारेतूनच थोडी वीज पाठवायला सुरुवात झाली. आधी कॅमेऱ्यापुरती, मग दिव्यापुरती. जास्त पाठवली तर तार तापे आणि हात लागला तर झटका बसे. त्यावर तोडगा निघाला तो असा, की वीज धारेसारखी सलग सोडायचीच नाही. ती पुड्या बांधून पाठवायची. एक पुडी गेली की क्षणभर थांबायचं आणि त्या थांब्यात तारेला विचारायचं, ‘सगळं ठीक आहे ना?’ विचारायचं म्हणजे एक बारीकसा ठोका पाठवायचा आणि तो कसा परत येतो ते बघायचं. तार धड असेल तर ठोका ओळखीचा परत येतो. कुणी बोट लावलं असेल तर वेगळा येतो. मग पुढची पुडी सुटतच नाही. हे सगळं सेकंदाला अडीचशे ते तीनशे वेळा घडतं. साडेतीनशे व्होल्टच्या उघड्या तारेवर बोट ठेवलं तरी एखादीच पुडी अंगातून जाते. ती माणसाला जाणवतही नाही.

तारांना या पुड्या वाटणारी जी पेटी, तिला स्विच म्हणतात. भिंतीवरच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही. पाच-सहा वर्षांत नव्या इमारतींतून जाड वायरिंग गेलं. वायरमन आणि इंटरनेटवाला हे दोन धंदे एक झाले. आणि सेकंदाला अडीचशे-तीनशे पुड्या म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारा सूर, त्यामुळे घरोघरी स्विच गुणगुणू लागले. बहुतेक कंपन्यांनी मनाला येईल तो आकडा धरला. दोन स्विच शेजारी ठेवले की दोन बेसूर माणसं भजनाला बसल्यासारखं वाटे.

नेमकी सेकंदाला दोनशे सत्त्याहत्तर पुड्या सोडणारी, म्हणजे काळी एक लावलेली, एकच कंपनी वैजयंतीला माहीत होती. त्या कंपनीच्या मालकांच्या घरी ती पंधरा दिवसांपूर्वी जेवून आली होती.

*

भरतेश मगदूम यांचा स्विचचा कारखाना मिरजेत होता, आणि घरात सहा तंबोरे होते. त्यांचा मुलगा सम्मेद आणि वैजयंतीची मुलगी अन्विता यांनी आपलं आपणच ठरवलं होतं. आईवडिलांकडे फक्त तारीख काढायचं काम उरलं होतं. त्यासाठीच ते जेवण होतं. सूर्यास्ताआधी पंगत उठली आणि मगदूमांनी पाहुण्यांना दिवाणखान्यातल्या कपाटापाशी नेलं.

‘‘ऐका,’’ ते म्हणाले.

कपाटात तीन स्विच होते. तिन्हींचा मिळून एकच सूर येत होता, जराही न हलणारा.

‘‘तीन आहेत असं वाटतं का? सांगा बरं.’’

‘‘एकच वाटतो,’’ वैजयंतीचे यजमान शांतिनाथ म्हणाले. ते भूगोलाचे शिक्षक होते आणि जेवण झाल्यावर कशालाही होकार देत.

‘‘ही आमच्या सम्मेदची करामत. हे तिघं एकमेकांचं ऐकतात आणि सूर जुळवून घेतात. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मिरजेतनं बेसूर माल बाहेर गेला तर वरती पूर्वजांना तोंड काय दाखवू?’’

‘‘पूर्वज स्विच करायचे का?’’ अन्विताने विचारलं.

‘‘पूर्वज जात्याला टाकी लावायचे. पण सुरात लावायचे.’’

सम्मेद मान खाली घालून हसत होता. वैजयंतीला मुलगा तेव्हाच आवडला. आपलं कौतुक चाललेलं असताना तो कपाटाच्या मागे हात घालून एक सैल तार नीट बसवत होता.

साखरपुडा ठरला येत्या रविवारी.

*

चाचणी केंद्राच्या प्रमुख नसीमा बारगीर यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

‘‘नियम काय म्हणतो? नातेवाइकाचा माल तपासायचा नाही. नातं झालं का?’’

‘‘रविवारी होईल.’’

‘‘सही कधी आहे?’’

‘‘शुक्रवारी.’’

‘‘मग शुक्रवारपर्यंत तू परकी. तुझ्याशिवाय पुडीच्या विजेची तपासणी करणारं इथे कोण आहे? कांबळे बाळंतपणाच्या रजेवर, आणि पुण्याला पाठवलं तर तीन महिने. तू मोज, मी प्रत्येक आकडा पुन्हा मोजते. तू मला सांगितलंस याची नोंद करते. आणि वैजयंती, त्यांना एक शब्द बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही.’’

‘‘मॅडम, घरी परवापासून दोनशे माणसांच्या जेवणाशिवाय दुसरा विषय नाही.’’

‘‘मग बरंच आहे.’’

मंगळवार आणि बुधवारी ४४१७ प्रत्येक कसोटीला उतरला. उष्णतेच्या कपाटात तो पंचावन्न अंशांवर सहा तास चालला. शंभर मीटर तारेच्या टोकाला वीज हवी तेवढी पोचली. मग ‘पाहुणा’ आणला.

पाहुणा म्हणजे खारट जेलीचा केलेला माणसाचा हात. त्यातून वीज जवळपास माणसाच्या हातातून जाते तशीच जाते. तो एका दांडीवर बसवलेला असतो. कळ दाबली की तो टक् आवाज करून उघड्या तारेवर पडतो आणि वीज किती वेळात थांबली ते यंत्र मोजतं. चार मिलिसेकंदांच्या आत थांबायला हवी. ४४१७ पन्नास वेळांपैकी पन्नास वेळा आत थांबला. कानालाही ते स्वच्छ कळत होतं. टक् झालं की त्याच क्षणी गुणगुण बंद.

नसीमांनी पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

‘‘विहीणबाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माल चांगला आहे.’’

*

चूक सापडली गुरुवारी दुपारी, आणि सापडली ती कामाच्या एका सवयीमुळे.

प्रत्येक कंपनी तीन नमुने पाठवते. एक तपासायला आणि दोन राखीव. राखीव नमुन्यांना कुणी हात लावत नाही. पण वैजयंतीची पद्धत अशी, की शेवटच्या दिवशी तेही टेबलावर मांडून तासभर नुसते चालू ठेवायचे. पेटीत राहून माल कुजतो, असं ती म्हणे. त्या दिवशी तिने तिन्ही स्विच लावले. टेबलावर जागा नव्हती, म्हणून तिन्हींच्या तारा एकत्र गठ्ठा करून बांधल्या. दोन-तीन सेकंद तीन वेगवेगळे आवाज आले, मग ते सरकत सरकत एक झाले. मगदूमांच्या दिवाणखान्यातला सूर.

पाहुणा अजून तारेवरच टांगलेला होता. तिने सहज कळ दाबली.

टक्. आणि मग आवाज उतरला.

ती थांबली. पुन्हा दाबली. टक्, आणि मग. दोन्हींमध्ये फट होती. तबलजीची थाप समेच्या किंचित मागे पडावी, एवढीच. यंत्राने आकडा दाखवला, नव्वद मिलिसेकंद. चारच्या जागी नव्वद. म्हणजे एका पुडीच्या जागी पंचवीस पुड्या माणसाच्या अंगातून जाणार. जीव जाईलच असं नाही, पण शिडीवरचा माणूस खाली येईल. लहान मूल असेल तर पुढचं सांगता येणार नाही.

कारण शोधायला तिला तास लागला. ते इतकं साधं होतं की तिला थोडं वाईट वाटलं. तिन्ही स्विच एका सुरात होते म्हणजे तिन्ही नेमक्या एकाच क्षणी पुडी सोडत होते, एकाच क्षणी थांबत होते आणि एकाच क्षणी आपापल्या तारेला विचारत होते, ‘सगळं ठीक आहे ना?’ तारा एका गठ्ठ्यात. शेजारच्या दोन तारांचं ‘ठीक आहे’ एवढं मोठ्याने येत होतं, की आजारी तारेचं कण्हणं त्यात बुडून जाई. शाळेत हजेरी घेताना दोघांनी मिळून गैरहजर मुलाच्या नावाने ‘हजर’ ओरडावं, तसं. बारीक फरकाने सूर जरा हलला की पंचविसाव्या खेपेला कुठे खरं उत्तर ऐकू येई.

बेसूर स्विचमध्ये ही चूक झाली नसती. प्रत्येकाने आपल्या वेळेला विचारलं असतं. ही चूक करायला मिरजेचाच माणूस हवा होता.

वैजयंतीने नियमांचं पुस्तक उघडलं. कसोटी सात, पोटकलम तीन: ‘एका उपकरणाची, स्वतंत्रपणे.’ तीन एकत्र लावून बघा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे ४४१७ उत्तीर्ण होता. तिला त्याला नापास करता येत नव्हतं. तिच्या हातात फक्त प्रमाणपत्राच्या तळाशी असलेला शेऱ्याचा रकाना होता, आणि तो गेली नऊ वर्षं कुणी वापरला नव्हता. शेरा असलेला माल कुणी घेत नाही. मगदूमांना जत तालुक्यातल्या चाळीस शाळांचं काम मिळायचं होतं आणि त्याला महिनाअखेरीआधी कोरं प्रमाणपत्र हवं होतं. हे तिला केंद्रात समजलं नव्हतं. पंगतीत, दुसऱ्या वाढपाला समजलं होतं.

तिने नसीमांना बोलावलं. त्यांनी तीनदा कळ दाबली आणि तिन्ही वेळा कान पुढे केला.

‘‘मला नुसत्या कानाने कळलंच नसतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाबांनी एवढे तंबोरे केले, आणि मी बहिरी निघाले. काय करणार?’’

‘‘लिहिणार.’’

‘‘रविवार लक्षात आहे ना?’’

‘‘दोनशे माणसं आहेत, मॅडम. विसरू कसं शकते?’’

*

शुक्रवारी अकराला मगदूम पितापुत्र आले. केंद्रात एक रिवाज होता, कागदावर नसलेला. सगळे आकडे जमल्यावर तळमजल्यावरून आलेलं बंद पाकीट फोडायचं, कंपनीचं नाव वाचायचं आणि माल करणाऱ्याने स्वतः उघड्या तारेवर बोट ठेवायचं. त्यानंतरच सही. पहिल्या प्रमुखांनी हे सुरू केलं होतं. ज्याचा स्वतःच्या मालाला हात लावायला जीव कचरतो, त्याचा माल दुसऱ्याच्या घरात का जावा, असं त्यांचं म्हणणं.

मगदूमांनी कोट घातला होता. वैजयंतीला बघून ते दचकले.

‘‘जय जिनेंद्र. तुम्हीच होता होय? आणि काही बोलला नाहीत.’’

‘‘बोलायचं नसतं.’’

‘‘बरं केलंत.’’ त्यांनी बाही वर सारली. ‘‘कुठे ठेवू बोट?’’

टेबलावर तीन स्विच होते आणि तारांचा एक गठ्ठा. सूर लागलेला होता.

‘‘मगदूमसाहेब, शाळेत किती बसवणार?’’

‘‘तीन. वर्गांना दोन, कार्यालयाला एक. एकाच कपाटात.’’

‘‘मग आधी पाहुण्याला ठेवू द्या.’’

तिने कळ दाबली. टक्, आणि मग. सम्मेदचं डोकं झटकन वर झालं. बापाच्या आधी त्याला ऐकू आलं होतं. यंत्रावर नव्वद उमटले. मगदूमांनी आकडा वाचला आणि बाही खाली ओढली.

‘‘एकेकटा लावला तर?’’

‘‘तीन पूर्णांक सहा. उत्तम.’’

‘‘नियम एकेकट्याचाच आहे ना?’’

‘‘होय.’’

‘‘म्हणजे नियमात बसतो.’’

‘‘बसतो. प्रमाणपत्र तयार आहे. खाली शेरा आहे.’’

त्यांनी शेरा वाचला. दोन ओळी होत्या. ‘एकाहून अधिक उपकरणं एकत्र असता स्पर्शानंतर वीज थांबण्यास नव्वद मिलिसेकंद लागतात. एकत्र बसवू नये.’

‘‘दुरुस्ती काय करायची?’’ सम्मेदने विचारलं.

‘‘ते आम्ही सांगू शकत नाही,’’ नसीमा म्हणाल्या. ‘‘तपासणाऱ्याने उपाय सुचवला, तर मग तो स्वतःचाच उपाय तपासतो. चूक दाखवायची तेवढी आमची.’’

‘‘नियमांचं बरं आहे,’’ मगदूम म्हणाले. ‘‘पाहिजे तेव्हा असतात.’’ त्यांनी प्रमाणपत्र टेबलावरच ठेवलं आणि निघाले. चहा आला होता, तो घेतला नाही. मिरजेच्या माणसाने समोर आलेला चहा सोडणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

सम्मेद दारात घुटमळला. ‘‘काकू, अजून एकदा दाबता का?’’

तिने दाबली. त्याने डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि गेला.

*

‘‘शेरा लिहिलास?’’ अन्विता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारत होती. शनिवारची दुपार होती. सम्मेदने तिला सांगितलं असणार.

‘‘लिहिला.’’

‘‘दोन दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?’’

‘‘दोन दिवसांनी मी त्यांची विहीण. मग मला लिहिताच आला नसता.’’

‘‘दुसऱ्या कुणी लिहिला असता.’’

‘‘दुसऱ्या कुणाला तो फरक ऐकूच आला नसता, अनू.’’

अन्विता आत येऊन ओट्याला टेकली. ‘‘त्याचे बाबा कालपासून कुणाशी बोलत नाहीत. आत्याबाईंनी विचारलं, उद्याचं काय, तर तंबोऱ्याची गवसणी शिवायला बसले.’’

‘‘आणि तो?’’

‘‘तो कागदावर काहीतरी काढतोय. माझा फोन दोनदा उचलून ‘हं’ म्हणाला.’’

‘‘तुला काय वाटतं? मी चुकले?’’

‘‘नाही.’’ तिने ओट्यावरचा शेंगदाण्याचा लाडू उचलला. ‘‘तोच तर राग आहे. चुकली असतीस तर भांडता आलं असतं.’’

बाहेरून शांतिनाथांचा आवाज आला. ‘‘अहो, आचारी विचारतोय, दोनशे पानं नक्की का? त्याला काय सांगू?’’

वैजयंतीने हातातली वाटी खाली ठेवली. सव्वीस वर्षं तिने आकडे दिले होते, आणि या एका आकड्याबद्दल तिला काही सांगता येत नव्हतं.

‘‘दोनशे सांगा,’’ अन्विताच म्हणाली.

*

रविवारी तीनची वेळ होती. मगदूम मंडळी पावणेतीनलाच कार्यालयात आली. सगळी आली, तंबोऱ्यांसकट. भरतेश मगदूमांनी सगळ्यांना हसून नमस्कार केला. वैजयंतीशी मात्र ते शांतिनाथांमार्फत बोलत होते.

‘‘विहीणबाईंना विचारा, अंगठ्या कुणाकडे आहेत.’’

‘‘अहो, अंगठ्या कुणाकडे आहेत?’’

‘‘त्यांच्या खिशात आहेत म्हणावं. त्यांनीच घेतल्या मघाशी.’’

‘‘तुमच्या खिशात आहेत.’’

‘‘बरं,’’ मगदूम म्हणाले आणि खिसा चाचपला.

मगदूमांच्या घरी पद्धत अशी, की शुभकार्याआधी मोठी आत्या एक स्तवन म्हणते, आणि ज्याचं कार्य असेल त्याने तंबोऱ्यावर बसायचं. लाज मोडते म्हणून. कुसुमआत्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आवाज अजून खणखणीत. एका तंबोऱ्यावर सम्मेद बसला. त्याने सराईतपणे बोटं फिरवायला सुरुवात केली. तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, अगदी एका सुरातल्या, आणि शेवटची खर्जाची. बोट एकेका तारेवरून पुढे जातं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक.

आत्यांनी आलाप घेतला. दुसऱ्या ओळीला सम्मेदचा हात थांबला.

आत्यांनी गाता गाता डोळे वटारले. त्याने पुन्हा बोटं फिरवली, पण आता तो अगदी हळू वाजवत होता आणि आपल्याच बोटांकडे बघत होता. दोन आणि तीन. जोडाच्या तारा. सूर तोच, पण एकीनंतर दुसरी. मग त्याने भर सभेत दोन्ही एकदम छेडल्या. भसकन आवाज आला. लोक चुळबुळले.

‘‘लाज मोडली नाही अजून,’’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘‘बाबा,’’ सम्मेद तंबोरा मांडीवर घेऊनच वळला. ‘‘आपण चारही तारा एकदम छेडतोय.’’

आत्या थांबल्या. मगदूम पुढच्या रांगेत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग दोन दिवसांत पहिल्यांदाच रागाशिवाय दुसरं काही.

‘‘सूर एकच राहू दे,’’ सम्मेद घाईने बोलत होता. ‘‘पुड्यासुद्धा एकदम जाऊ देत. थांब्यात विचारायचं मात्र एकेकाने. पहिला विचारेल तेव्हा बाकीचे गप्प. मग दुसरा. दीड मिलिसेकंदाचा थांबा आहे, त्यात तीसजण विचारून होतील. काकू, असं केलं तर...’’

‘‘मी काही ऐकलं नाही,’’ वैजयंती म्हणाली आणि छताकडे पाहू लागली.

‘‘बरोबर आहे की नाही एवढं तरी...’’

‘‘सम्मेद,’’ अन्विता म्हणाली. ती नटूनथटून पाटावर बसली होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. ‘‘आई उत्तर देणार नाही. आत्याबाईंचं होऊ दे. मग अंगठी घाल. मग कागद देते तुला.’’

तसंच झालं. फक्त मगदूमांनी मध्येच उठून वैजयंतीच्या शेजारची खुर्ची घेतली. 

‘‘घरी चाळीस वर्षं तंबोरा आहे,’’ ते म्हणाले, शांतिनाथांमार्फत नव्हे. ‘‘आणि हे मला सुचू नये.’’

‘‘चहा घेणार का?’’ वैजयंतीने विचारलं.

‘‘दोन कप घेतो. शुक्रवारचा एक राहिलाय.’’

पाचला पंगती बसल्या आणि सूर्यास्ताला वीस मिनिटं असताना शेवटचं पान उठलं. आचाऱ्याच्या हिशेबाने दोनशे सात.

*

नवा नमुना त्याच महिन्याच्या सव्वीस तारखेला आला. त्याचा क्रमांक वैजयंतीला कळला नाही, कारण आता ती नात्यातली होती. कांबळेबाई रजेतून चार दिवसांसाठी आल्या आणि त्यांनी तपासणी केली. बाळ तळमजल्यावर, आजीच्या मांडीवर. कसोटी सात, पोटकलम तीनच्या पुढे आता पेन्सिलने एक ओळ लिहिलेली होती, ‘तीन एकत्र लावूनही.’ ती छापील व्हावी म्हणून नसीमांनी दिल्लीला पत्र पाठवलं होतं. उत्तर यायला वर्ष लागेल असा त्यांचा अंदाज होता.

एकोणतीसला सकाळी मगदूम पितापुत्र हात लावायला आले. नसीमांनी वैजयंतीलाही बोलावलं. ती सवयीने टेबलाच्या आतल्या बाजूला, यंत्रापाशी जाऊन उभी राहिली.

‘‘तिकडे कुठे?’’ नसीमा म्हणाल्या. ‘‘ती जागा तपासणाऱ्याची. तू आता मालवाल्यांकडची.’’

वैजयंती वळसा घालून बाहेरच्या बाजूला आली. इतक्या वर्षांत ती टेबलाच्या या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. इथून तारेचं उघडं टोक जास्तच उघडं दिसत होतं.

पाहुण्याचे आकडे आधीच आले होते. तीन पूर्णांक सहा, पन्नास वेळांपैकी पन्नास वेळा. मगदूमांनी बोट ठेवलं. तीन स्विचमधला एक गप्प झाला, दोन तसेच चालू राहिले. मग सम्मेदने ठेवलं. पुन्हा तेच.

‘‘झालं,’’ कांबळेबाई पेन उचलत म्हणाल्या.

‘‘झालं कसं?’’ मगदूम म्हणाले. ‘‘रिवाज काय आहे? माल ज्या घरचा, त्या घरच्यांनी हात लावायचा. आमच्याकडची एक व्यक्ती राहिली.’’

सगळ्यांनी वैजयंतीकडे पाहिलं.

‘‘मी काही केलेलं नाही त्यात,’’ ती म्हणाली.

‘‘शेरा लिहिलात की. त्याशिवाय हा झाला असता का?’’

‘‘नियमात बसतं का हे?’’ तिने नसीमांना विचारलं.

‘‘नियमात काहीच नाही,’’ नसीमा म्हणाल्या. ‘‘बोट धुतलंयस ना?’’

तिने सव्वीस वर्षांत चारशे सदतीस उपकरणांवर सही केली होती, आणि एकाही तारेला हात लावलेला नव्हता. आकड्यांवर तिचा विश्वास होता. आताही होता. तरी बोट पुढे जाईना.  सम्मेदने तिला नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.

खोलीत फक्त काळी एक उरली. वैजयंतीने बोट ठेवलं.

काही जाणवलं नाही. आवाज एकाने उतरला. मध्ये फट नव्हती.

तिने बोट उचललं, आणि थोड्या वेळाने तिसरा स्विच पुन्हा सुरात आला.